ॲपवर ४१ टक्के, टाकीत ठणठणाट: लिथियम बॅटरीचे नऊ महिने

सप्टेंबरातल्या बुधवारी रात्री पावणेबाराला आमच्याकडे पाणी आलं आणि त्याच सुमारास लाईट गेली. सोलापुरात राहणाऱ्याला यापुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या भागात पाणी चार दिवसांनी येतं, कधी पाच. खालचा हौद पाचशे लिटरचा. नळ चालू असेपर्यंत अर्ध्या एचपीची मोटर पाणी वरच्या टाकीत ओढत राहिली तरच चार दिवसांचा साठा होतो. मी आरामात होतो, कारण मोबाईलच्या ॲपवर घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी ४१ टक्के दिसत होती. मोटरचं बटण दाबलं. घर्र असा अर्धा आवाज आला आणि पंखे, दिवे, वायफाय, सगळंच गपगार.

"अहो, ४१ टक्के होते ना?" एवढंच बायकोने विचारलं. लाईट आली अडीचला. पाणी एक वाजताच गेलं होतं.

लिथियमवर लिहायचं महिनाभर चाललं होतं, पण त्या रात्रीनंतर बसलोच. तेव्हा सूर थोडा कडू लागला तर समजून घ्या.

मांडणी थोडक्यात: गच्चीवर ५४० वॅटचे चार पॅनेल, ३ केव्हीएचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर, आणि जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, आणलेले ३.२ व्होल्ट १०० एएचचे (अँपिअर-तास) आठ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल. ओळीत जोडून २५.६ व्होल्ट, म्हणजे अडीच युनिटच्या वर थोडं. सोबत १०० अँपिअरचा बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर पॅक बंद करणारं सर्किट, ब्लूटूथवाला. सेल ३,८०० ला एक, बीएमएस ४,५००, आणि बस बार, लग्ज, केबल, डीसी फ्यूज मिळून साडेतीन हजार. वर १८ टक्के जीएसटी. दुकानदार म्हणाला, "बिल नको असेल तर तेवढे वाचतील, सर." मी बिल घेतलं. नऊ महिन्यांत माझ्या हातून झालेली एवढी एकच शहाणपणाची गोष्ट.

सूर्यघर योजनेची सबसिडी का नाही घेतली, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. दोन किलोवॅटला ६० हजार मिळतात हे मलाही माहीत आहे. शेजारच्या अण्णांनी घेतली, बिल जवळपास शून्यावर आलं, आनंद आहे. पण साधा ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेला, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःही बंद होतो. तो तसा व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. म्हणजे भर दुपारी, ४३ डिग्रीत, डोक्यावर सूर्य ओकत असताना अण्णांचा पंखा बंद आणि माझा चालू. मे महिन्यात अण्णा माझ्या हॉलमध्ये पेपर वाचायला यायचे. आम्ही दोघंही कारणाबद्दल बोलायचो नाही.

आता आधीचं कौतुक, कारण जूनपर्यंत माझ्याकडे फक्त कौतुकच होतं. माझ्या जुन्या दोन ट्युब्युलर लेड बॅटऱ्या नावाला दीडशे एएच, कामाला पंच्याहत्तर. त्याहून खाली नेलं की आयुष्य घटायचं. दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलवर पांढरा भुगा, भिंतीचा रंग गेलेला. एकेक धूड उचलायला दोघं लागायची. लिथियमचे आठही सेल मिळून सोळा-सतरा किलो, मी एकटा पिशवीतून वर घेऊन गेलो. भरताना लेड बॅटरी शेवटी शेवटी नखरे करते, दुपारी दोननंतर करंटच घेत नाही. ही मात्र ऊन असेल तेवढं शेवटच्या टोकापर्यंत पिते. जुन्या दोन भंगारात साडेआठ हजाराला गेल्या, त्यात बीएमएस आणि वायरिंग जवळपास निघालं. काटकसरी माणसाला याहून मोठं सुख नाही.

उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट. पहिल्यांदा पॅक जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला होता, केबल कमी लागावी म्हणून. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बीएमएसच्या सेन्सरने ४७ डिग्री दाखवले. या सेलना भरताना ४५ च्या वर जाऊ देऊ नये, आणि उष्णतेत ते नुसते पडून राहिले तरी लवकर म्हातारे होतात. पॅक खाली जिन्याच्या पोटात आणला. आईचा पहिला प्रश्न, "वास येतो का रे ॲसिडचा?" ॲसिड नाहीच म्हटल्यावर तिने शेजारी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. जास्तीच्या केबलचे अकराशे गेले, ते आजही सलतात.

आता मूळ दुखणं. टक्के.

जुनी बॅटरी अडाणी होती पण बोलायची. मीटर लावला, १२.७ म्हणजे भरली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियम फॉस्फेट बोलत नाही. नव्वद टक्क्यांपासून वीसपर्यंत एका सेलचं व्होल्टेज ३.३३ वरून ३.२ च्या आसपास येतं, बस्स. मोठा लोड लावला की त्यातला बराचसा फरक लोडमुळेच पडतो. त्यामुळे व्होल्टेज बघून किती उरली हे सांगता येत नाही. मग बीएमएस काय करतो, तर किती अँपिअर आत आले आणि किती बाहेर गेले याचा हिशोब ठेवतो. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. वही बरोबर असेल तर टक्के बरोबर.

त्या रात्रीनंतर मी दुकानदाराला फोन केला. मोठ्या शहरातला माणूस, नाव घेत नाही. पहिलं उत्तर, "सर, ॲप डिलीट करून परत टाका." टाकलं. दुसरं उत्तर दोन दिवसांनी, "फर्मवेअर अपडेट येईल." तिसरं, "टक्का हा अंदाजे असतो, सर." मी म्हटलं, मग ४१ असं कशाला दाखवता, चाळीसच्या आसपास असेल बुवा, असं लिहा. तो हसला. मला हसू आलं नाही. चौथं उत्तर, "पॅक आमच्याकडे पाठवा, बघतो." दोन कुरियरवाल्यांकडे गेलो. लिथियम म्हटल्याबरोबर दोघांनीही हात वर केले. हा माल वाहतुकीच्या नियमांत धोकादायक धरतात, क्लास नऊ, त्याचं पॅकिंग आणि लेबल वेगळं. येताना तो ट्रान्सपोर्टने गोडाऊनवर आला होता आणि खोक्यावर लेबल होतं. ते खोकं मी जूनमध्ये रद्दीत दिलं. खोकं फाडू नका, ही या पूर्ण लेखातली सगळ्यात स्वस्त सूचना.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात माझा मित्र मेंटेनन्सला आहे. त्याच्याकडून डीसी क्लॅम्प मीटर आणला, केबलभोवती अडकवून करंट मोजणारा. लक्षात घ्या, बाजारात मिळणारा साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो. रात्री दहाला, लाईट असताना, सगळं घर ग्रिडवर चालू असताना, बॅटरीच्या केबलला लावला. मीटरवर ०.९ अँपिअर. ॲपवर ०.०.

खाली बसलो.

इन्व्हर्टर स्वतः जिवंत राहायला बॅटरीतून ०.९ अँपिअर पितो आणि बीएमएसला साधारण एक अँपिअरखालचं काही दिसतच नाही. वहीत नोंदच नाही. रात्रीचे चौदा तास धरा: १२.६ एएच. माझी बॅटरी १०० एएचची, म्हणजे एका रात्रीत बारा-तेरा टक्के चोरीला. ऊन असलेल्या दिवशी हे कळत नाही, कारण दुपारी बॅटरी पूर्ण भरते आणि वही पुन्हा शंभरवर येते. पण सोलापूरचा पाऊस यायचाच सप्टेंबरात. रविवारी बॅटरी भरली होती, सोमवार, मंगळवार, बुधवार ढग. मधल्या तीन रात्री. बारा-तेरा गुणिले तीन, अडतीस. एक्केचाळीसमधून अडतीस गेले की उरले तीन. तीन टक्क्यांवर मी मोटर लावत होतो.

चिडण्यासारखी आणखी एक गोष्ट: ०.९ अँपिअर म्हणजे २३ वॅट, चोवीस तासांचे साधारण अर्धा युनिट, महिन्याचे सोळा. घरातले सगळे पंखे बदलून २८ वॅटचे बीएलडीसी आणले, फ्रिजचं दार उघडं ठेवलं म्हणून पोरांवर ओरडलो, आणि हा इन्व्हर्टर काही न करता सोळा युनिट खातोय.

इथपर्यंत लिहून मी दुकानदाराला शिव्या देणारा परिच्छेद तयार ठेवला होता. तो काढावा लागला.

कारण मित्र घरी आला, त्याने एकेका सेलचे आकडे बघितले आणि विचारलं, "पाच नंबर असा का बे?" बॅटरी खाली गेली की पाच नंबरचा सेल बाकीच्यांच्या आधी कोसळत होता. बाकी सात ३.१ च्या आसपास असताना हा २.९. मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढते. तो झटका या एकट्याला सोसवला नाही आणि बीएमएसने सगळ्यांना बंद केलं. साखळीतला एक सेल रिकामा, म्हणजे पॅक रिकामा.

"जोडायच्या आधी टॉप बॅलन्स केलेलास?"

नव्हतं केलं. आठही सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टला हळूहळू भरायचे, मगच ओळीत लावायचे, हे मला माहीत होतं. त्यासाठी बेंच पॉवर सप्लाय लागतो, साडेतीन हजारांचा. दहा अँपिअरने दोन दिवस लागतात. सगळे सेल आल्या दिवशी ३.२९ ते ३.३० दाखवत होते, मी म्हटलं सारखेच आहेत. याच सपाट व्होल्टेजने मला तेव्हाही फसवलं होतं. ३.२९ आणि ३.३० मध्ये बरेच टक्के लपू शकतात.

आणि दुसरं. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून मी चार्जिंग २७.२ व्होल्टवरच थांबवलं होतं. सेलमागे ३.४. बीएमएसचं बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल सारखे करणं, सुरू होतं तेच ३.४ च्या वर गेल्यावर. म्हणजे नऊ महिने ते एकदाही नीट चाललं नाही. पाच नंबरला भरपाई मिळायचा रस्ताच मी बंद करून ठेवला होता. गच्चीच्या जिन्यावरून अण्णांनी हाक मारली, "काय करलालास बे खाली, दोन तास झाले?" मी म्हटलं, चुका मोजतोय.

मग काय केलं ते. चार्जिंग २८.२ ला नेलं, म्हणजे सेलमागे साडेतीन. पहिले तीन-चार दिवस पाच नंबर मागेच राहिला आणि एक नंबर उड्या मारायला लागला, ३.६ च्या वर. बीएमएसचं बॅलन्सिंग फार बारीक करंटचं असतं, एका दिवसात काही होत नाही. मित्राकडून सप्लाय आणून पाच नंबरला एकट्याला नऊ तास वेगळं भरलं. पाना वापरताना त्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. माझ्या पान्याच्या टोकाला आता एक छोटा खड्डा आहे, आणि तो कसा पडला हे घरी सांगितलेलं नाही. इन्व्हर्टर आधी लेड बॅटरीच्या सेटिंगवर होता, त्यातलं इक्वलायझेशन मी बसवतानाच बंद केलं होतं. ते चालू राहिलं असतं तर दर महिन्याला व्होल्टेज वर नेऊन बीएमएसला कट मारायला लावलं असतं.

टक्क्यांसाठी शंट मीटर घेतला, चौदाशेला. निगेटिव्ह केबलमध्ये बसतो आणि ०.९ सुद्धा मोजतो. इन्व्हर्टरचा लो कट २५ व्होल्टला आणला, म्हणजे बीएमएसने घाव घालायच्या आधी तोच सांभाळून थांबतो. आणि मोटर लावायच्या आधी मी आता टक्के बघतच नाही, सगळ्यात खालच्या सेलचं व्होल्टेज बघतो. ३.२ च्या खाली असेल तर मोटर नाही, ग्रिडची वाट बघायची. बायकोने हा आकडा कागदावर लिहून हौदाच्या स्विचजवळ चिकटवलाय, माझ्यावर विश्वास नाही म्हणून.

मग दुकानदाराचा दोष किती? माझ्या मते निम्मा. बीएमएसला बारीक करंट दिसत नाही, हे विकताना सांगायला हवं होतं. साडेचार हजारांच्या वस्तूवर तेवढी ओळ छापता आली असती. पण टॉप बॅलन्सचा कंजूषपणा माझा. परवा त्याला हे सगळं आकड्यांसकट पाठवलं. उत्तर आलं: "थँक यू सर, फाइव्ह स्टार रेटिंग द्या." तीन दिले. एक सेलसाठी, कपॅसिटी मोजली तर १०१ एएच भरली. एक वजनासाठी. आणि एक यासाठी की फोन उचलतो.

घेणाऱ्याला लेडपेक्षा हीच घे म्हणेन का? हो. अण्णांनाही सांगितलंय. ते विचारतात, "टक्के बरोबर दाखवते का?" मी विषय बदलतो.

आज पाण्याची पाळी आहे. ॲपवर १००, शंट मीटरवर ८७, पाच नंबर ३.३२. सकाळपासून ढग आहेत.