उष्णतेवर चालणारे दोन नॅनो-उपाय: थर्मोडॉक्स आणि नॅनोथर्म

कर्करोगावरच्या या दोन्ही उपायांचा भर उष्णतेवर, पण तऱ्हा अगदी वेगळी. थर्मोडॉक्स म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध. ते शिरेतून द्यायचं आणि गाठ वेगळी तापवायची; तापमान 40 अंशांच्या वर गेलं की पिशवीचं आवरण सैल होतं आणि औषध तिथंच सुटतं. कल्पना म्हणून मला हीच जास्त देखणी वाटते. पण यकृताच्या कर्करोगावरची तिसऱ्या टप्प्यातली मोठी चाचणी 2013 मध्ये फसली, पुढचीही टिकली नाही.

नॅनोथर्ममध्ये औषध नाहीच. लोहऑक्साइडचे कण थेट गाठीत टोचतात आणि बाहेरून वेगानं दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावतात. कण स्वतःच तापतात. सोबत रेडिएशन असतं. युरोपात मेंदूच्या गाठींसाठी याला 2010 मध्ये परवानगीही मिळाली. जाच मात्र भलताच: दातांतलं धातूचं फिलिंग आधी काढावं लागतं, आणि कण तिथंच राहत असल्यानं नंतर एमआरआयमध्ये तो भाग नीट दिसत नाही. मेंदूच्या रुग्णाला एमआरआय वारंवार लागतो, म्हणून ही अडचण किरकोळ नव्हे.

शरीरभर पसरलेल्या कर्करोगात दोन्ही तोकडे पडतात, कारण कुठं तापवायचं ते आधी ठाऊक हवं.