बोटांना म्हणे आधी कळतं

आधीच सांगून टाकते: ‘द पियानो’चा (1993) पहिला शॉट पाहताना माझ्या बोटांना काहीही कळलं नव्हतं. धूसर पट्टे, मधून झिरपणारा उजेड. मला वाटलं, पडदा असेल. चित्रपट-अभ्यासक विवियन सोबचॅक मात्र लिहितात की डोळ्यांना उलगडा व्हायच्या आत त्यांच्या बोटांनी ती बोटं ओळखली होती. पुढच्या शॉटमध्ये चेहऱ्यासमोर धरलेले नायिकेचे हात दिसले, त्याचं त्यांना नवल वाटलं नाही.

‘कार्नल थॉट्स’ (2004) या त्यांच्या संग्रहातला हा गाजलेला लेख. वीस वर्षं एडिटिंगमध्ये काढल्यावर असं काही वाचलं की चीड येते. पण पुढे सोबचॅक नायिकेच्या काळ्या लोकरी मोज्याच्या भोकाकडे येतात, त्यातून तिच्या कातडीला टेकणाऱ्या बोटाकडे. तिथे मी गप्प झाले. तो शॉट पाहताना माझीच पोटरी आक्रसली होती. कट दोन फ्रेम लवकर पडला की आधी माझा खांदा कुरकुरतो, कारण मागाहून सापडतं. हे रोजचंच; तत्त्वज्ञानात त्याला जागा असेल असं कधी वाटलं नव्हतं.

फेनॉमेनॉलॉजीचा, म्हणजे अनुभव जसा येतो तसाच तपासणाऱ्या तत्त्वज्ञानाचा, हा धागा फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँतींचा. चित्रपट विचाराने समजत नाही, तो प्रत्यक्ष जाणवतो, असं त्यांनी 1945च्या व्याख्यानात मांडलं होतं. सोबचॅक ते प्रेक्षकाच्या कातडीपर्यंत आणतात.

मला सगळ्यात भावला तो पायाचा लेख, आणि त्यात चित्रपट जवळजवळ नाहीच. कर्करोगामुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. ‘कृत्रिम अवयव’ हे रूपक विद्वान मंडळी वाटेल तिथे वापरत असताना या बाई खराखुरा कृत्रिम पाय चढवून चालत होत्या. त्या रूपकाची त्या जी झाडाझडती घेतात, ती वाचताना हसूही येतं. ‘शरीर, शरीर’ म्हणणाऱ्या बाकीच्या पुस्तकांत इतकं शरीर मला सापडलेलं नाही.

भाषा मात्र छळते. कंसात कंस, तिरप्या रेघा, मध्येच शब्दाची व्युत्पत्ती. एक वाक्य तर मी पेन्सिलीने तोडून तीन केलं. शिवाय स्पर्शाला इतकी पानं दिली, तशी आवाजाला द्यायला हवी होती. पोटात गोळा येतो तो बहुतेक वेळा साउंडट्रॅकमुळे.

300हून जास्त पानं आहेत, सलग वाचू नका. पायापासून सुरुवात करा, बोटं नंतर.

माझी प्रत सध्या असिस्टंटकडे आहे. त्याला म्हणे पहिल्याच शॉटला बोटं कळली. लेख आधी वाचून बसला होता, लबाड.