जुन्या बुलेटची तेलगळती आणि उद्यमबागचे एक गॅरेज

माझ्याकडची बुलेट 1989 सालची, 346 सीसीची, कास्ट आयर्न इंजिनाची आणि उजव्या पायाने गिअर टाकण्याची आहे. आधी वडिलांनी ती वापरली, आता मी वापरतो. बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या अंगणात शहाबादी फरशीवर तिने जो काळा डाग पाडून ठेवला आहे, त्याबद्दल घरात कोणी कधी तक्रार केलेली नाही, कारण एवढ्या वयाची बुलेट थोडे तेल गाळणारच, असे आम्ही सारेच धरून चाललो होतो. गेल्या पावसाळ्यात मात्र रात्रभरात तळहाताएवढे थारोळे साचू लागले आणि मागच्या टायरच्या डाव्या कडेवर तेलाचा ओघळ दिसू लागला. जांबोटीच्या रस्त्यावर एका ओल्या वळणावर मागचे चाक हातभर सरकले, तेव्हा मी गाडी बंद करून टायरवर बोट फिरवले आणि हा प्रश्न केवळ फरशीचा उरलेला नाही हे लक्षात आले.

त्यानंतर दोन ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्या ठिकाणी प्रायमरी चेनकेसचे, म्हणजे आपण ज्याला क्लचचे झाकण म्हणतो त्याचे, रबर बदलून वर सढळ हाताने सिलिकॉन लावण्यात आले. आठ दिवसांत थारोळे परत आले. दुसऱ्या ठिकाणी गाडीकडे उभ्या-उभ्या एकदा पाहून इंजिन उतरवून पूर्ण खोलावे लागेल आणि अठरा हजार रुपये खर्च येईल, असे सांगण्यात आले. कोठून गळते, या माझ्या प्रश्नाला तेथे मिळालेले उत्तर ‘खोलल्यावर कळेल’ असे होते. हे दोन्ही अनुभव येथे नोंदवण्याचे कारण एवढेच की, ज्या गॅरेजविषयी मी लिहीत आहे त्याचे वेगळेपण त्यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज कळणार नाही.

हे गॅरेज बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीच्या आतल्या बाजूस, लेथच्या कारखान्यांच्या ओळीत आहे. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, भिंतीवर टांगलेले पाने आणि दाराशी उभ्या असलेल्या पाच-सहा जुन्या गाड्या, एवढाच त्याचा पसारा. मेस्त्री साठीच्या घरातले आहेत. हाताखालच्या मुलाशी कानडीत आणि गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात आणि दोन्ही भाषांत कमीच बोलतात. मी गाडी स्वच्छ धुऊन नेली होती, हीच माझी पहिली चूक ठरली. “धुऊन कशाला आणलासा सर? चिखल कुठं ओला हाय ते बघायचं हुतं की,” असे म्हणून त्यांनी गाडी न उघडता प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेल चालू गाडीतून पडते की उभ्या गाडीतून? गाडी साईड स्टँडवर लावता की मधल्या? थारोळे काळे असते की पिवळे? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, कारण काळ्या फरशीवर सगळेच काळे दिसते.

या प्रश्नांमागचे कारण त्यांनी नंतर सांगितले आणि जुन्या बुलेटच्या प्रत्येक मालकाने ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आजच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना मिळून एकच तेल असते. या गाडीत तिन्ही घरे स्वतंत्र आहेत. इंजिनाचे तेल सुमारे सव्वादोन लिटर असते आणि ते क्रँककेसच्याच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्याच, ओतकामात मागे केलेल्या टाकीत राहते. डावीकडच्या चेनकेसमध्ये क्लच आणि प्रायमरी चेनसाठी वेगळे तेल असते आणि मागे नट-बोल्टांनी जोडलेल्या गिअरबॉक्सचे वंगण तिसरे. या तिघांपैकी कोणाचेही तेल गळले तरी ते खालच्या पट्ट्यांवरून ओघळत जवळपास एकाच जागी टपकते आणि गाडी धावत असेल तर वारा व चेन मिळून ते मागे फेकतात. त्यामुळे थेंब पडतो ती जागा पाहून निदान करणारा माणूस हमखास फसतो.

पहिल्या रात्री गाडी मधल्या स्टँडवर उभी करून खाली पांढरा पुठ्ठा अंथरण्यात आला. सकाळी पुठ्ठ्यावर पडलेला डाग मधाच्या रंगाचा होता. इंजिनातले तेल मी दीड हजार किलोमीटर वापरलेले होते, म्हणजे ते डांबरासारखे काळे झालेले असणार. तेव्हा हा डाग त्याचा नव्हे, हे गाडीला पाना न लावताच ठरले. अठरा हजारांचा हिशेब त्या पुठ्ठ्यावरच मिटला.

आता चेनकेस आणि गिअरबॉक्स हे दोनच उरले. यासाठी मेस्त्रींनी जी युक्ती केली ती मला फार आवडली. चेनकेसमधले तेल पूर्ण काढून त्यात मोटारींच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये वापरतात ते लाल तेल भरले. मग ब्रश आणि डिझेलने इंजिनाचा खालचा भाग धुतला, साबणाच्या पाण्याने चिकटपणा घालवला, कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडा केला आणि सगळ्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. त्या अवतारात मी गाडी पिरनवाडीवरून मच्छेपर्यंत नेऊन आणली. वाटेत सिग्नलवर एका गृहस्थाने गाडीची पूजा झाली काय, असे विचारले. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीवर ओल्या रेषा उमटल्या होत्या. इंजिनाचा पुढचा भाग कोरडा होता. टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाच्या, झाकणाखाली किंचित ओल होती. मुख्य ओघळ चेनकेसच्या मागून, गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटजवळून, म्हणजे मागची चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाजवळून, सुरू होत होता आणि तेथून चेनने तो टायरपर्यंत पोहोचवला होता. दुसऱ्या रात्रीच्या पुठ्ठ्यावर दोन डाग मिळाले: एक मोठा मधाळ आणि त्याच्या कडेला रुपयाएवढा गुलाबी. म्हणजे चेनकेस थोडी गळत होती; पण खरे तेल गिअरबॉक्समधून येत होते.

गिअरबॉक्सचे झाकण उघडल्यावर कारणही सापडले. या जुन्या गिअरबॉक्समध्ये पातळसर ग्रीस आणि गिअर ऑईल यांचे मिश्रण घालण्याची पद्धत आहे, कारण त्यातील बुश आणि शाफ्ट यांच्या फटी पातळ तेल अडवून धरण्यासाठी केलेल्याच नाहीत. वर्षभरापूर्वी एका सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी त्यात साधे इंजिन ऑईल ओतले होते. रंग मधाळ राहिला तो यामुळेच: तेल इंजिनाचे असले तरी गिअरबॉक्समध्ये ज्वलन नसल्याने ते काळे पडले नाही.  या गोंधळात गाडी बनवणाऱ्यांचा दोष काही नाही.

स्प्रॉकेटमागचे ऑईल सीलही झिजले होते. ते काढण्यासाठी चेनकेस, क्लच आणि आतले कव्हर असे सगळे उतरवावे लागते आणि मजुरीचा मोठा भाग तेथेच जातो. नवे सील उद्यमबागेतल्याच बेअरिंगच्या दुकानातून मापाने मिळाले. सील ज्या पृष्ठभागावर घासते तेथे मेस्त्रींनी नख फिरवून मला खाच दाखवली आणि नवे सील तळापर्यंत न ठोकता थोडे बाहेर बसवले, जेणेकरून त्याची कड न झिजलेल्या भागावर टेकेल. चेनकेसचे झाकण काचेवर ठेवून पाहिले तेव्हा ते वाकलेले निघाले. हे झाकण मधल्या एकाच नटवर धरलेले असते आणि गळती थांबत नाही म्हणून तो नट जितका जास्त आवळावा तितकी कड उचलली जाते. ते एमरी पेपरवर घासून सपाट करण्यात आले आणि या वेळी सिलिकॉनशिवाय, केवळ रबरावर बसवण्यात आले.

एक दुखणे शिल्लक आहे आणि ते मेस्त्रींनी लपवले नाही. गाडी आठवडाभर उभी राहिली की तेलाच्या पट्टीवर पातळी खाली गेलेली दिसते आणि पाच मिनिटे चालवली की ती पुन्हा वर येते. उभ्या गाडीतून हे तेल बाहेर जात नाही. ते झिजलेल्या ऑईल पंपातून झिरपून टाकीतून क्रँककेसमध्ये उतरते आणि सकाळी किक मारली की त्यातले थोडे ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून फेकले जाते. मी त्यालाही गळतीच समजत होतो. पंपाचे काम वेगळे आहे, घाई नाही, तोवर दर तीन-चार दिवसांनी गाडी फिरवून आणा, असा त्यांचा सल्ला आहे. टॅपेटच्या झाकणाचा नट मी आवळायला सांगितला तेव्हा, “ते ऱ्हाऊ दे सर, आवळला तर आणि गळतंय,” असे म्हणून त्यांनी पाना खाली ठेवला.

एकूण बिल दोन हजार आठशे पन्नास रुपये झाले. त्यातील चारशे रुपये निव्वळ पाहणीचे होते. काही लोकांना पाहणीचे पैसे देणे जिवावर येते; मला ते सगळ्यांत योग्य ठिकाणी गेलेले वाटले. काढलेले जुने सील वर्तमानपत्रात गुंडाळून परत देण्यात आले.

तक्रारीही आहेत. तीन दिवस सांगून पाच दिवस लागले आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही, त्यामुळे दोनदा फुकट खेप पडली. खर्चाचा अंदाज लेखी मिळत नाही. बिलही मागितल्यावर वहीच्या कागदावर लिहून मिळाले. बसायला जागा नाही आणि पावसात शेड गळते, जी गळती मात्र कोणी शोधलेली दिसत नाही. नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या ते घेतच नाहीत. ज्यांना सकाळी गाडी देऊन संध्याकाळी हवी असते, त्यांनी येथे जाऊ नये. जाणाऱ्यांनी गाडी धुऊ नये आणि कोणते तेल कधी, कोठे घातले हे आठवून ठेवावे.

काम होऊन सात आठवडे झाले. मधल्या काळात चोर्ला घाट भर पावसात एकदा उतरून आलो. मागचा टायर कोरडा, म्हणजे निदान तेलाच्या बाबतीत कोरडा, राहिला. पुठ्ठा अजून गाडीखाली अंथरतो. त्यावर टॅपेटच्या बाजूला दोन-तीन काळे थेंब असतात, मधाळ किंवा गुलाबी एकही नाही. पंप दिवाळीनंतर उघडायचे ठरले आहे आणि ते काम मी येथेच देणार आहे.