बटणांचे यांत्रिक कुलूप : ५०४० नव्हे, २१०

आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेला व्यवस्थापन समितीने गेल्या वर्षी आकड्यांच्या बटणांचे यांत्रिक कुलूप बसवले. शून्य ते नऊ अशी दहा बटणे, त्यांच्याखाली ‘सी’ अक्षराचे एक बटण आणि शेजारी फिरवायची मूठ, असे त्याचे साधे रूप आहे. ठरलेली चार बटणे दाबून मूठ फिरवली की दार उघडते, आणि काही चुकले तर ‘सी’ दाबून पुन्हा सुरुवात करता येते. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही आणि किल्ली तर नाहीच. पहाटे अभ्यासाला येणाऱ्या मुलांनी वॉचमनला उठवण्याचा प्रकार त्यामुळे थांबला. आतून बाहेर पडताना संकेतांक लागत नसल्याने कोणी कोंडले जाण्याची भीतीही नाही. अडीच हजारांच्या आसपास पडलेल्या या वस्तूने सोयीच्या बाबतीत तक्रारीला जागा ठेवलेली नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण खोक्यावर ‘एक हजाराहून अधिक संकेतांक’ असे ठळक छापलेले असते, दुकानदारही तेच सांगतो, आणि घेणारा मनातल्या मनात एटीएमच्या पिनचा हिशोब करून निश्चिंत होतो. एटीएमच्या चार आकडी पिनमध्ये प्रत्येक जागी दहा पर्याय असतात, म्हणून ०००० ते ९९९९ असे १०,००० पिन होतात. या कुलपात एकदा दाबलेले बटण ‘सी’ दाबेपर्यंत पुन्हा कामाला येत नाही, त्यामुळे २२५५ किंवा १९९० असले संकेतांक मुळातच बाद होतात. चारही आकडे वेगळे हवेत म्हटल्यावर पहिल्यासाठी दहा, दुसऱ्यासाठी नऊ, तिसऱ्यासाठी आठ आणि चौथ्यासाठी सात पर्याय उरतात, आणि गुणाकार ५०४० येतो. अकरावीत परम्युटेशन शिकलेला कोणीही इथपर्यंत येईल आणि इथेच थांबेल. पण हे कुलूप क्रम पाहतच नाही. संकेतांक १९४७ ठेवला असेल (सूचना मागवल्या की निम्म्या सोसायटीला हाच सुचतो) तर १९७४ दाबूनही ते उघडते, ७४९१ दाबूनही उघडते. चार वेगळ्या आकड्यांच्या २४ मांडण्या होतात आणि त्या सगळ्या या कुलपाच्या लेखी एकच आहेत. म्हणून ५०४० ला २४ ने भागायचे, आणि हाती उरतात फक्त २१०.

कुलूप असे का वागते, हे ते दारावरून उतरवून पाठीमागची पट्टी काढल्यावर स्पष्ट दिसते. प्रत्येक बटणामागे एक चपटा छोटा तुकडा असतो, त्याच्या कडेला खाच असते आणि मागे नखाएवढी स्प्रिंग असते. संकेतांकातल्या बटणांचे तुकडे एका रंगाचे आणि बाकीचे दुसऱ्या रंगाचे असतात. फरक खाचेच्या जागेत आहे. संकेतांकातल्या तुकड्याची खाच बटण दाबल्यावर ओळीत येते, तर उरलेल्या तुकड्यांच्या खाचा मुळातच ओळीत असतात आणि बटण दाबले की ओळीबाहेर जातात. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच मधली पट्टी सरकते आणि मूठ फिरते. एखादे जास्तीचे बटण दाबले तरी कुलूप अडते, ही त्यातली चांगली गोष्ट, नाहीतर सगळी बटणे दाबून कोणीही आत शिरला असता. मात्र कोणते बटण आधी दाबले आणि कोणते नंतर, याची नोंद ठेवणारा एकही भाग या रचनेत नाही.

यांत्रिक कुलपांना क्रम ओळखणे अशक्य असते असे मात्र नाही. सिम्प्लेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी कुलपात बटणे पाचच असतात, पण आतली दातेरी चक्रे क्रम नोंदवतात, आणि दोन किंवा अधिक बटणे एकदम दाबणे हीही एक वेगळी पायरी धरली जाते. प्रत्येक बटण जास्तीत जास्त एकदाच वापरायचे, या अटीवर त्यात १०८१ संकेतांक होतात. पाच बटणांत १०८१ आणि दहा बटणांत २१०, ही तुलना खरेदीआधी करण्यासारखी आहे. बटणांची संख्या पाहून कुलपाची ताकद ठरवता येत नाही, ती आतल्या रचनेवर ठरते.

खोक्यावरचा दावा खोटा आहे का? तसे म्हणता येणार नाही. प्रत्येक बटण संकेतांकात घ्यायचे किंवा वगळायचे असे दोनच पर्याय असल्याने दहा बटणांचे १०२४ प्रकार होतात, आणि एकही बटण न घेण्याचा एक सोडला तर १०२३ उरतात. पण या बेरजेत एका बटणाच्या दहा संकेतांकांपासून दहाही बटणांच्या एकमेव संकेतांकापर्यंत सगळे धरलेले आहे. कारखान्यातून कुलूप चार बटणांवर बेतून येते, ते तसेच बसवले जाते, आणि संकेतांक चार बटणांचा आहे हे माहीत असलेल्याला २१० च प्रयत्न करायचे असतात. एका प्रयत्नाला पाच सेकंद धरले तर सगळे मिळून साडेसतरा मिनिटे होतात, आणि सरासरीने त्याच्या निम्म्यातच काम होते. बटणे वाढवली की सुरक्षितता वाढते, हा समजही इथे पाचपर्यंतच खरा ठरतो. पाच बटणांचे २५२ संकेतांक होतात, सहांचे पुन्हा २१०, सातांचे १२०, आणि नऊ बटणांचे फक्त दहा, कारण नऊ निवडणे म्हणजे एक वगळणे. तेव्हा दहा बटणांच्या कुलपात पाच बटणांचा संकेतांक सर्वांत बरा. याच प्रकारात एक्स, वाय, झेड अशी तीन बटणे जास्तीची असलेले कुलूपही मिळते. त्यातल्या तेरांपैकी पाच निवडण्याचे १२८७ मार्ग आहेत. सहा सेकंदांना एक या वेगाने ते सगळे तपासायला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल, आणि तेवढा वेळ सोसायटीच्या जिन्यात कोणी बटणे दाबत उभा राहिला तर त्याला किमान तीन जण ‘कोण हवंय?’ असे विचारतील.

यापेक्षा मोठा धोका झिजेचा आहे. रोज तीच चार बटणे दाबली जातात, त्यामुळे आमच्या कुलपावर काही महिन्यांतच त्या चारांवरची रंगछटा उतरली आणि बाकीच्या सहांवर धूळ बसली. क्रम पाहणाऱ्या कुलपात एवढे कळूनही चोरापुढे २४ पर्याय उरले असते. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या ‘लीलावती’त हाच २४ चा आकडा विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा आणि पद्म यांच्या अदलाबदलीने काढून दाखवला आहे, आणि संध्येतल्या केशव, नारायण, माधव या चोवीस नावांच्या मूर्ती ओळखायच्या त्याही आयुधांच्या याच क्रमावरून. आमच्या कुलपाला हा भेद मान्य नाही. त्याच्यापुढे चोवीसही मूर्ती एकच आहेत, आणि झिजलेली चार बटणे ओळखणाऱ्याला पहिल्याच प्रयत्नात दार उघडते.

यावर उपाय म्हणजे संकेतांक वेळोवेळी बदलणे. तो बदलतानाही मोजणी विसरून चालत नाही. झिजलेली चार बटणे पूर्णपणे टाळून उरलेल्या सहांतून नवी चार निवडावी असे कोणालाही वाटते, पण हे ताडणाऱ्यापुढे फक्त १५ पर्याय उरतात, आणि सहांतून पाच घेतली तर अवघे सहा. त्याऐवजी जुन्यांपैकी दोन आणि नव्यांपैकी तीन घेतली तर १२० पर्याय होतात. बदलायची क्रिया कठीण नाही, पण निगुतीने करावी लागते. ‘सी’ बटण दाबून धरूनच पट्टी काढायची, तुकडे चिमट्याने उचलायचे आणि टेबलावर आधी पांढरा कपडा पसरायचा, कारण स्प्रिंगा उडतात. सोबतच्या पत्रकात हे क्रमाने दिले आहे, आणि चित्रे मजकुरापेक्षा चांगली आहेत. दार लावण्यापूर्वी ते उघडे ठेवूनच नवा संकेतांक दोन-तीनदा तपासावा.

बसवणी सरळ आहे. भोके पाडण्यासाठी कागदी साचा मिळतो आणि सुताराला ते काम तासाभराचे आहे. पावसाळ्यात दोन बटणे जड झाली, तेव्हा तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते, असे सुतारानेच सांगितले. ग्रॅफाइटची पूड घातल्यावर ती मोकळी झाली. विक्रेत्याकडे सुट्या स्प्रिंगा मात्र नव्हत्या आणि त्या मागवायला बराच वेळ लागला, ही या खरेदीतली खरी गैरसोय.

अभ्यासिका, व्यायामशाळा, कार्यालयातले भांडार अशा जागांसाठी, जिथे दाराआड मोलाचे फारसे नसते आणि माणसांची ये-जा असते, तिथे हे कुलूप मी घेण्यास सांगेन, आणि मुलांना आकड्यांचा क्रम लक्षात ठेवावा लागत नाही ही त्यातली सोयही मानेन. घराच्या मुख्य दाराला मात्र ते एकटे बसवू नये. दुकानात दहा बटणांचे आणि तेरा बटणांचे अशी दोन्ही कुलपे समोर आली तर किमतीतला फरक पाहत न बसता तेरांचे घ्यावे, आणि तपासून पाहताना संकेतांक एकदा उलट क्रमाने दाबावा. त्यानेही दार उघडले, तर खोक्यावरचा आकडा कोणत्या हिशोबाने छापला आहे, हे विक्रेत्याला तिथेच विचारता येते.