फ्रेजल व्हर्ब आणि इडियमसाठी अँकी: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी फ्रेजल व्हर्ब (क्रियापद आणि छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देणारी जोडी) पक्के करायला अँकी हे ठरावीक अंतराने कार्डं पुन्हा विचारणारं अ‍ॅप उत्तम आहे, पण कार्डं स्वतः बनवणार असाल तरच. बऱ्याच तयार डेकमध्ये (कार्डांच्या संचांमध्ये) पुढे ‘कॉल ऑफ’ आणि मागे ‘रद्द करणे’ एवढंच असतं. त्यावरून वाचताना अर्थ कळतो. बोलताना मात्र ऑफ, आउट, अप यांतला कोणता शब्द घ्यायचा, तिथेच अडतं.

म्हणून क्लोज, म्हणजे गाळलेली जागा भरण्याचा, कार्डप्रकार निवडा. पूर्ण वाक्य लिहून फक्त तो छोटा शब्द झाका: ‘दे कॉल्ड द मॅच ___ बिकॉज ऑफ रेन’. सोबत मराठी अर्थ सूचना म्हणून द्या. ‘दे पुट द मीटिंग ___’ इथे ऑफ आणि बॅक दोन्ही चालतात, त्यामुळे पहिलं अक्षरही दाखवावं लागतं. क्रियापदासकट झाकायचं असेल तर दोन्ही तुकड्यांना गाळलेल्या जागेचा सी1 हाच क्रमांक द्या. सी1 आणि सी2 दिलं तर दोन कार्डं बनतात आणि प्रत्येकावर अर्धं उत्तर उघडं राहतं.

माझ्या मते सगळ्यात फायद्याची गोष्ट म्हणजे वाक्यात सर्वनाम घालणं. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की ‘टर्न इट ऑफ’ एवढंच बरोबर. ‘टर्न ऑफ इट’ चूक. उलट ‘लुक आफ्टर’ कधीच तुटत नाही: ‘लुक आफ्टर हर’. सर्वनामाचं वाक्य घोकलं की हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

‘टेक ऑफ’चे विमान उडणे आणि कपडे काढणे हे अर्थ वेगवेगळ्या नोट्समध्ये (ज्यांतून कार्डं बनतात त्या नोंदींमध्ये) ठेवा. टेक ऑफ, टेक ओव्हर, टेक अप एकाच आठवड्यात घेऊ नका, हमखास सरमिसळ होते.

सेटिंगचं थोडक्यात: रोज 20 नवी कार्डं ही मूळ मर्यादा जास्त आहे, 5 पुरतात. उत्तर आठवलं नाही तर ‘अगेन’ हेच बटण दाबा. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवलं. विसरल्यावर ते दाबलं की कार्ड पुन्हा येण्याचं अंतर चुकीचं ठरतं. मूळ सेटिंगमध्ये 8 वेळा विसरलेल्या कार्डावर लीच अशी खूण लागते. ते रेटत बसू नका, वाक्यच बदला.

इडियमसाठी (वाक्प्रचारांसाठी) अँकी तेवढं उपयोगी नाही. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे हे कार्ड शिकवतं, पण शोकसंदेशात ते लिहिणं किती वाईट दिसेल हे कार्डावर तुम्ही नोंदवलं तरच कळेल. ‘द बकेट वॉज किक्ड’ असं कर्मणी केलं की उरते नुसती बादली. मागच्या बाजूला ‘अनौपचारिक’, ‘रूप बदलत नाही’ अशी एक ओळ हवीच.

आणखी एक उणीव उच्चाराची. ‘आय लुक्ड इट अप’मध्ये जोर ‘अप’वर असतो. हे नुसत्या मजकुरातून कानात बसत नाही. प्रत्येक कार्डाला ऑडिओ जोडा.