स्कायरिमच्या रानात नवी पालवी

2011 चा स्कायरिम हा व्हिडिओ गेम मी अजून खेळते. पावसाळ्यात वेताळ टेकडीवर रोज जाणं होतं, त्यामुळे गेममधलं खुरटं, विरळ गवत डोळ्यांना खुपायचं. गेल्या आठवड्यात स्कायरिम फ्लोरा ओव्हरहॉल हा फुकट मिळणारा मोड (गेममधली झाडं-गवत बदलणारी जोड-फाइल) टाकला आणि गेममधल्या फाल्करीथच्या पाइनच्या जंगलात शिरले. काय ती झाडी! एकही क्वेस्ट (गेममधली कामगिरी) न करता तासभर नुसती भटकले. गेममधल्या रिफ्टन शहराकडची पिवळी-केशरी झाडं तर बघतच राहावीत.

गवत मात्र ग्राफिक्स कार्डाला जड जातं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळू लागला, तेव्हा गेमच्या सेटिंग्जच्या आयएनआय फाइलमध्ये आयमिनग्राससाइजचा आकडा 20 वरून 60 केला. आकडा वाढला की गवत विरळ होतं. थोडी दाटी गेली, पण खेळ सुरळीत झाला. मोड टाकण्याआधी सेव्ह केलेल्या खेळाची कॉपी नक्की ठेवा.