फिंगर पेंटचा संच: रंग छान, बाटली नडते

खेळण्यांच्या दुकानात मिळणारा सहा बाटल्यांचा फिंगर पेंट संच रंग म्हणून चांगला आहे. घट्ट दह्याइतका दाट, त्यामुळे मनगटावरून ओघळत नाही आणि बोट ओढलं की रेघ तशीच राहते. चव मुद्दाम कडू केलेली असते. एकदा बोट तोंडात गेलं की पुन्हा सहसा जात नाही.

घेताना खोक्यावर आयएसआयचा शिक्का पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे आणि फिंगर पेंटसाठी आयएस ९८७३ या भारतीय मानकाचा भाग ७ आहे. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं पुरेसं नाही. उरलेले पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक याच्या जागी चालत नाहीत.

नडते ती बाटली. दाबली की भसकन गोळा पडतो आणि दोन बैठकांत संच संपतो. बाटली मुलाच्या हाती देऊच नका. तिचं झाकणही लहान असतं, ते आधी उचलून ठेवा. स्टीलच्या ताटलीत दोनच रंग काढा, प्रत्येकी एक चहाचा चमचा. पिवळा-लाल दिला तर केशरी होतो, पिवळा-निळा दिला तर हिरवा, आणि मूल ते बघत थांबतं. तिसरा रंग आला की पाच मिनिटांत सगळं शेणकाला. काळी बाटली तर उघडायलाच नको.

सोबतचे कागद पातळ आहेत. ओल्या तळव्याखाली गोळा होऊन फाटतात. जाड कार्डशीट घ्या आणि चारही कोपरे चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. कागद सरकला की मूल चिडतं, रंगाला कंटाळत नाही. बाथरूमच्या टाइल्सवर खेळू दिलं तर कागदही लागत नाही. खोक्यातलं ‘पंजाचा हत्ती करा’ छापाचं कार्ड बाजूला ठेवा, तो हत्ती आईबाबांचा असतो.

लाल रंग नखांच्या कडांना दिवसभर राहतो. कपड्यावरचा डाग ओला असतानाच गार पाण्याने खळबळावा, मग साबण लावावा.

मूल अजून सगळं तोंडात घालत असेल तर संच थांबवा आणि घरीच रंग करा. चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी गार पाण्यात कालवा, दीड वाटी पाणी घालून मंद आचेवर खीर ढवळतात तसं ढवळत राहा. पारदर्शक दिसू लागलं की उतरवा. पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर गाठी होतात. बिटाचा रस खळ निवल्यावरच घाला, उकळला तर तपकिरी पडतो. हा रंग फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो, पाणी सुटलं की टाकून द्या. पिवळ्यासाठी चिमूटभर हळद पुरते. तिच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नका, नीट धुऊन कपडा कडक उन्हात टाका.